कापलेला बायपास

“व्हॉल्व्ह उघडा,” मेहेंदळे साहेब फोनवर म्हणाले.

“व्हॉल्व्ह नाहीये, सर.”

“नाहीये म्हणजे?”

“कापला. शटडाउनमध्ये.”

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

मेहेंदळे आमचे जनरल मॅनेजर. मी ईटीपीची, म्हणजे कारखान्याचं घाण पाणी साफ करणाऱ्या प्लांटची इन्चार्ज. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना कापडाच्या रंगांसाठी लागणारी रसायनं बनवायचा. एका बाईला ईटीपी दिला यात कौतुक वगैरे काही नव्हतं. त्या पोस्टवर कुणालाच जायचं नव्हतं.

आता बायपासचं सांगते. प्रॉडक्शनमधून येणारं आम्लाचं पाणी आधी एका टाकीत साठायचं. मग त्यात चुना घालायचा, गाळ खाली बसू द्यायचा, हवा मारायची आणि साफ झालेलं पाणी नाल्यात सोडायचं. बायपास म्हणजे या सगळ्याला वळसा घालून टाकीतून थेट नाल्यात जाणारा पाइप. अगदीच आणीबाणीत वापरायचा असा नियम. आमची आणीबाणी रोज दुपारी यायची, कारण पाणी ईटीपीला झेपायचंच नाही. तपासणीला कुणी येणार अशी कुणकुण लागली की बायपास बंद व्हायचा आणि नाल्याच्या तोंडाशी नळाच्या चांगल्या पाण्याचा होजपाइप लागायचा. याला आमच्याकडे ‘पाहुण्यांचा चहा’ म्हणत.

मी दर मीटिंगमध्ये हा विषय काढायचे. साहेब म्हणायचे, “मॅडम, आपण कारखाना चालवतो, देऊळ नाही.” सगळे हसायचे. मग चहा यायचा, खराखुरा.

नाल्याकाठी बेटेगावच्या बाजूला सोनीबायची वाडी होती. वांगी, मुळा, मिरची लावायची. नाल्याच्या कडेला खणलेल्या डवऱ्यात पाणी झिरपायचं, ते शिंपायची आणि शिफ्ट सुटताना आमच्याच गेटवर भाजी विकायची. एका संध्याकाळी तिच्या टोपलीत भाजी नव्हती. मुळासकट उपटलेली वांग्याची रोपं होती, पानं करपून काळी पडलेली.

“बाय, हा काय हाय?” तिने मलाच गाठून विचारलं. “तुमी पान्याचा काम करता ना? मंग आमी पानी कुठून आनू?”

वॉचमन म्हणाला, “ए बाई, पुढे हो.” ती हलली नाही. गेटच्या मधोमध टोपली उलटी केली आणि मगच गेली. माझा नुसता संताप झाला. वॉचमनवर कमी, माझ्या त्या सगळ्या शहाण्यासारख्या मीटिंगांवर जास्त.

वर्षातून एकदा कारखाना मेंटेनन्ससाठी बंद ठेवायचा. तोच शटडाउन. त्यात कुठेही वेल्डिंग किंवा कापाकापी करायची तर परवाना लागतो, आणि परवान्यावर त्या जागेच्या इन्चार्जची सही. ईटीपीची जागा माझी होती. मी लपूनछपून काही केलं नाही. शटडाउनच्या मीटिंगमध्ये मोठ्याने म्हणाले, “ईटीपीची बायपास लाइन काढतेय.” साहेब प्रॉडक्शन मॅनेजर जाधवांशी बॉयलरबद्दल वाद घालत होते. मान हलवून मोकळे झाले. ईटीपीवालीचं बोलणं ऐकायची सवयच नव्हती.

वेल्डर रामसमुझ मात्र ऐकत होता. “मॅडम, सोच लो. बाद में मेरे को मत बोलना.”

“काट दो,” मी म्हटलं.

पाइप कापला, व्हॉल्व्ह भंगारात गेला आणि टाकीला उरलेल्या पाइपच्या तोंडावर लोखंडी प्लेट बसली. कारखाना सुरू झाला, टाकी काठोकाठ आली आणि साहेबांचा तो फोन आला.

पाठोपाठ ते स्वतः आले. बरोबर जाधव.

“आत्ताच्या आत्ता लाइन जोडा.”

“परवान्यावर मी सही करणार नाही.”

“मग काय, प्लांट बंद करू?”

“करा.”

“मॅडम, नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. फक्त कारण लिहून द्या, सर. बायपास कापला म्हणून काढलं, असं.”

तेवढं त्यांना लिहिता येणार नव्हतं. सरकारदरबारी आमच्या कारखान्यात बायपास कधी उघडतच नव्हता.

जाधवांनी शेवटी फिल्टर प्रेस थांबवायला सांगितले. या यंत्रात माल कापडात दाबून गाळतात आणि मग पाण्याने धुतात. सगळं बंद झालं तरी टाकीत पाणी पडतच होतं. आम्ही आत गेलो. कामगार जेवायला गेले होते आणि प्रत्येक सेक्शनचा होज जमिनीवर भळाभळा वाहत होता. बंद केला तर प्रेशर शेजारचा सेक्शन पळवतो, म्हणून कुणीच कधी बंद करत नसे. निम्मा ईटीपी आम्ही नुसती फरशी धुतलेलं पाणी साफ करण्यात घालवत होतो.

“आयला,” जाधव म्हणाले.

त्यानंतर भराभर कामं झाली. प्रत्येक होजच्या टोकाला हाताशीच बंद करता येईल असा कॉक बसला. मालाच्या शेवटच्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरू, असं मी सुचवलं.

“क्वालिटी गेली तर?” जाधवांनी विचारलं.

“माझ्या नावावर टाका.”

क्वालिटी जागेवर राहिली. पाणी ईटीपीला झेपेल इतकं उतरलं, चुनाही कमी लागायला लागला. नवीन मशीन एकही घेतलं नव्हतं.

नाला काही लगेच सुधारला नाही. वसाहतीत आमचा एकच कारखाना थोडाच होता? सोनीबायने वांगी पुन्हा लावली, पण डवरा नाल्यापासून चांगला लांब खणला. “तुमचा काय भरवसा?” म्हणाली. खरंच होतं.

मेहेंदळे साहेबांनी हेड ऑफिसला जाऊन ‘पाणीबचतीचं आमचं धोरण’ यावर भाषण दिलं. माझं प्रमोशन हुकलं. शेरा होता, ‘सहकार्याची वृत्ती नाही.’ तो मी आजही मानाने सांगते. नव्या इंजिनिअरांनी सल्ला विचारला तर एवढंच म्हणते, साहेबांना पटवत बसू नका, आधी पळवाट कापा. मग बघा, एकेकाला कसं इंजिनिअरिंग आठवतं ते.