मालिकेतला दादा

दादाला नळापेक्षा गप्पांचीच हौस जास्त. सिंकखाली आडवा पडला की तिथूनच तोंडाचा पट्टा सुरू. नळ बरा होईपर्यंत त्या घरातली सगळी दुखणीखुपणी त्याला पाठ झालेली असत. धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली प्लंबर झाला, पण बोलणं काही त्याला जमलं नाही.

या बोलण्याच्या भरातच दादानं एका कंपनीची ठेव योजना गल्लीभर पोचवली. स्वतःची पुंजीही तिथेच घातली. मालक सगळ्यांना गंडवून पळाला, आणि दादा बिचारा दारोदार हात जोडत फिरला. वर्षाच्या आत गेला. लाजेनंच गेला, असं वहिनी म्हणायची. पण गल्लीनं त्याला कधी चोर म्हटलं नाही. धाकट्याकडे दादाची तेवढीच इस्टेट उरली होती, आणि लोक त्याला घरात घेत ते त्याच नावावर.

मग त्या घोटाळ्यावर मालिका निघाली. लेखिका घरी आली, गोड बोलली, आणि धाकटा कधी नव्हे तो खुलला.

"कोपऱ्यावरच्या मावशींकडे तर दादा सारखा जायचा. जुना नळ, आज दुरुस्त केला की उद्या गळायचा. पण एक पैसा घेतला नाही कधी. म्हणायचा, एकटी बाई आहे, तेवढंच चार शब्द बोलणं होतं."

लेखिकेनं मान डोलावली. आता जगाला कळेल दादा काय माणूस होता, असं धाकट्याला वाटलं. भोळा तोही कमी नव्हता.

दादावरचा भाग बघायला वहिनीनं शेजाऱ्यांना बोलावलं. मावशीही काठी टेकत आल्या. पडद्यावरचा प्लंबर सिंकखालून एका म्हातारीला योजना समजावत होता. म्हातारी पाठमोरी झाली, तसा त्यानं पाना फिरवून नळ पुन्हा ढिला केला आणि गालात हसला.



"धादांत खोटं आहे हे!" धाकटा ओरडला.

वहिनीनं टीव्ही बंद केला. "हे सारखे मावशींकडे जायचे, ते त्या लोकांना कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं, वहिनी." धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही दिवसांनी मावशींचा फोन आला. नळ गळत होता. धाकटा हातातलं काम टाकून धावला. एरवी मावशी दार उघडून आत जाऊन आडव्या व्हायच्या, 'जाताना दार ओढून घे' म्हणायच्या. आज त्यांनी स्टूल ओढलं आणि सिंकसमोर बसल्या.

वॉशर बदलता बदलता धाकटा म्हणाला, "मावशी, दादानं असं कधीच केलं नाही हो."

"वेडा आहेस का? मी काय ओळखत नव्हते त्याला?" मावशी मायेनं म्हणाल्या. "तू कर तुझं काम."

पण स्टुलावरून त्या हलल्या नाहीत. काम झालं, धाकट्यानं पाना पिशवीत टाकला. तेव्हा मावशी उठल्या, सिंकपाशी गेल्या, आणि नळ घट्ट बसलाय ना, ते त्यांनी आपल्या हातानं हलवून बघितलं.