उन्हात ठेवलेली हाक

माझा थोरला भाऊ लीलाधर जळगावच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळायचा. चार माणसांत तोंड उघडायचा नाही, पण एक विषय निघाला की थांबवणं मुश्कील.

"सुनंदा, कॉम्प्युटरचा मेंदू एकीकडे आणि आठवण दुसरीकडे. दर हिशेबाला आकडे तिकडून इकडे आणायचे, परत नेऊन ठेवायचे. वीज जाते ती या हेलपाट्यांत. आपण भरीतपार्टीला वांगी घरी आणतो का? मळ्यातच कापसाच्या पऱ्हाट्या पेटवतो, मळ्यातच भाजतो. तसा हिशेब आठवणीच्या चिपमध्येच झाला पाहिजे. उद्या माणसासारखी यंत्रं करायची तर हाच रस्ता."

मला वांग्यांच्या पुढचं फारसं कळत नसे.

१९९२ च्या उन्हाळ्यात त्याने तसं एक यंत्र जुळवलं. टॉर्चच्या सेलवर चालायचं. मायचा आवाज कॅसेटवर घेऊन त्याची ओळख त्याने चिपांमध्ये भरली होती. त्या चिपांना वरून काचेची बारीक खिडकी असते, तिच्यावर कागदाचा तुकडा चिकटवलेला. दुसरं कोणी कितीही ओरडलं तरी यंत्र ढिम्म. मायने "लीला, ये रे जेवाले!" म्हटलं की लाल दिवा लागायचा. माय पदर तोंडाला लावून हसायची. "हे तं मले वळखतं रे!"

बंगलोरच्या एका संस्थेने त्याला यंत्र घेऊन बोलावलं. पसंत पडलं तर तिथेच नोकरी आणि आयुष्यभर हेच काम. भावाचे पाय जमिनीवर नव्हते.

जाण्याआधी आठवडाभर त्याला परीक्षेच्या कामाला धुळ्याला जावं लागलं. मागच्या पावसाळ्यात ओलीने त्याचं एक यंत्र गंजलं होतं, ते मायच्या डोक्यात होतं. गच्चीवर कुरडया, पापड, मिरच्या वाळत होत्याच. आमच्याकडे जे टिकवायचं ते उन्हात घालायचं. तिने यंत्राचा डबा उघडला आणि यंत्र, कॅसेट, फ्लॉपी सगळं परातीत मांडलं. खाली ओल राहू नये म्हणून चिपांवरचे कागदसुद्धा सोलले. आठवडाभर रोज ऊन दाखवलं, मग कागद खळीने परत चिकटवून डबा बांधून ठेवला. भाऊ धुळ्याहून आला आणि डबा उचलून तसाच स्टेशनवर गेला.

बंगलोरला दिवा लागला नाही. कॅसेट आचके देत रडली, फ्लॉपी पापडासारखी वाकलेली. भावाने चिपवरचा कागद काढला, खाली खळ लागलेली. त्या चिपांची आठवण पुसायची असली तर काचेतून कडक प्रकाश पाडतात. ते काम आमच्या वैशाखाने फुकटात केलं होतं.

घरी आला तेव्हा माय दारातच उभी. "चाललं ना रे यंत्र?"

"चाललं, माय. जागाच भरली होती त्यांची."

"मी उन दाखोलं होतं त्याले," मायने सगळ्या गल्लीला सांगितलं. "उन दाखोलं का वर्सभर काही व्हत नही."

पुढे कधी संध्याकाळी भाऊ स्टेशनवर जाऊन बसायचा. बंगलोरला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली की उठून उभा राहायचा, गेली की घरी यायचा. ते यंत्र त्याने पुन्हा उघडलं नाही.

९८ साली माय गेली. दिवसकार्य झाल्यावर त्याने मला हे सगळं सांगितलं आणि माझा पारा चढला. "सहा वर्षं होती ती! नवी कॅसेट लावून पुन्हा एकदा हाक मारायला सांगायची. काहीतरी थाप मारायची!"

"तिने विचारलं असतं, पहिल्याचं काय झालं. मायसमोर खोटं मला एकदाच जमलं, सुनंदा." मग म्हणाला, "तिचा आवाज आता कुठेच उरला नाही गं."

त्याच्याकडे बघवेना. माझा आवाज मायसारखा आहे असं भुसावळला माझ्या सासरीही म्हणतात. मीच म्हटलं, माझा घे. थोरल्या भावाला नावाने हाक मारायला जीभ रेटेना, पण मारली. मी माहेरीच राहिले आणि भावाने उन्हाळ्याच्या सुटीभर खपून यंत्राला माझा आवाज शिकवला.

पहिल्याच हाकेला दिवा लागला. मी टाळ्याच वाजवल्या.

भाऊ दिव्याकडे बघत राहिला. "बरोबर आहे," म्हणाला. "याने तुलाच ओळखलं."

मग यंत्र घेऊन तो गच्चीवर गेला. मीही मागोमाग गेले. माझ्या कुरडयांच्या बाजूला त्याने परात मांडली, चिपांवरचे कागद एकेक करून सोलले आणि यंत्र उन्हात ठेवलं. मी खाली जाऊन पानं वाढली आणि जिन्यातून हाक मारली, "भाऊ, जेवायला चल!"

वर ऐकू गेलं असणार. तो परातीजवळ बसून राहिला. माझी हाक मायसारखीच होती, पण मायची नव्हती.