खुर्चीतले बाबा

मी गणिताची शिक्षिका आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझा नवरा म्हणतो. डोंबिवलीतल्या एकाच शाळेत इतकी वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्यावर कोणती मान अवघडली म्हणून वळली आणि कोणती शेजारच्या पेपरसाठी, हे मला पाठीमागूनही कळतं. भाजीवाल्याचा काटा, दुधातलं पाणी, नवऱ्याचं 'निघालोय, पोचतोच', सगळं मी तपासून घेते. त्यामुळे खडवलीला माझ्या बाबांच्या शेजारी कुणी शिल्पकार राहायला आलाय हे कळल्याबरोबर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाबा कंपनीत फिटर होते. नोकरीत असतानाच त्यांनी खडवलीला, नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, थोडी जागा घेऊन दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा बांधला होता. आई गेल्यावर त्यांना डोंबिवलीला आणायचा मी खूप प्रयत्न केला. ते यायचे, दोन दिवस राहायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच पिशवी भरून सोफ्यावर बसलेले असायचे. मग गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, चालत राहा, फक्त दमू नका. त्याचा अर्थ मी असा लावला की नदी बंद.

हे बाबांसाठी सोपं नव्हतं. ते कोकणात खाडीकाठी वाढलेले. आपण जसा सकाळी उठून चहा घेतो तसे ते भातसा नदीत उतरायचे. पण ती नदी दिसते तेवढी साधी नाही, सहलीला आलेली चांगली धडधाकट पोरं तिच्यात बुडून जातात. मी बाबांना स्पष्ट सांगितलं की आता पाण्यात पाय घालायचा नाही. ते "बरं" म्हणाले. जन्मात कधी त्यांनी वाद न घालता माझं काही ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला खरं तर तिथेच संशय यायला हवा होता.

माझा भाऊ बंगळुरूला असतो. त्याने ऑनलाइन एक कॅमेरा मागवून व्हरांड्यात लावायला लावला. आम्हा दोघांच्या फोनवर ते चित्र दिसायचं: वेताची खुर्ची, तिच्यात एका बाजूने दिसणारे बाबा, मागे कपडे वाळत घालायच्या दोरीचं टोक. मागचं काही साठवून ठेवायचं तर आत कार्ड घालावं लागतं, ते आणायचं राहूनच गेलं होतं. आणि खडवलीचं नेट असं की चित्र बऱ्याचदा गोठलेलंच असायचं. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसून मी ते बघायचे. संध्याकाळी भावाचा फोन यायचा. "बाबा मस्त पेपर वाचत बसलेले सकाळी," तो सांगायचा, जणू खुर्चीत त्यानेच त्यांना आणून बसवलं होतं.

शिल्पकाराकडे मी मुद्दाम जाऊन आले. पोरगा तिशीतला, ठाण्याचा. कोंबड्यांची एक बंद पडलेली शेड भाड्याने घेऊन तिथे काम करत होता. आत शिरले तर जमिनीवर एक बाई मेथी निवडत बसलेली. तिच्या ब्लाउजला हुकाच्या जागी सेफ्टी पिन होती, टाचा भेगाळलेल्या होत्या, आणि ती श्वास घेत नव्हती. पलीकडे एक रिक्षावाला तोंड उघडं टाकून झोपलेला. सिलिकॉनची कातडी, आणि केस सुईने एकेक करून खोचलेले. मला ते आवडलं नाही. इतकी खरी दिसणारी खोटी माणसं जो करतो, त्याला खोटं काय करता येणार नाही, असं माझ्या मनात आलं. मी विचारलं, हे विकत कोण घेतं? तो म्हणाला, मुंबईतल्या गॅलऱ्या घेतात, हल्ली घोडबंदर रोडच्या टॉवरवालेही लॉबीत ठेवायला मागतात. आता त्याला एक म्हातारा माणूस करायचा होता, नुसता बसलेला. त्यासाठी त्याने बाबांना विचारलं होतं आणि बाबा हो म्हणाले होते.

मला आधी सुचलं ते हे की जिवंत माणसाचा पुतळा कशाला करायचा. पुतळा गेलेल्या माणसाचा करतात, त्याला हार घालतात. हे मी बाबांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, हार घालू नकोस म्हणजे झालं. मग महिनाभर त्यांचं हेच चाललं. दातांच्या डॉक्टरकडे असते तसली गुलाबी लापशी चेहऱ्यावर थापून, नाकात नळ्या घालून ते पडून राहिले. न्हाव्याकडून स्वतःचे कापलेले केस कागदात बांधून आणले. त्यांचा चौकटीचा शर्ट कपाटातून नाहीसा झाला. दोन्ही हातांचा साचा घेतला हे कळलं तेव्हा मात्र माझी झोप उडाली. साच्यात रेघ न् रेघ उठते. उद्या कुणी त्यातून अंगठा काढून जागेच्या कागदावर उठवला तर? नवऱ्याला हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं नाही.

दिवाळीनंतर पुतळा प्रदर्शनासाठी ठाण्याला गेला, असं बाबांनी फोनवर सांगितलं. विषय संपला म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. कॅमेऱ्यात बाबा नेहमीसारखे बसलेले दिसत होते. हातात त्या त्या दिवसाचा पेपर. पूर्वी ते अर्ध्या तासात कंटाळून उठायचे, आता तासन्‌तास बसू लागले होते. वयानुसार शांत झाले, असं मी नवऱ्याला म्हणाले. चेहराही टवटवीत दिसतोय, असंही म्हणाले होते. सकाळचा फोन ते उचलायचे नाहीत, चार्जिंगला लावलेला असतो म्हणायचे. संध्याकाळी मात्र भरभरून बोलायचे.

मग डिसेंबरातल्या एका सकाळी मी स्टाफरूममध्ये फोन उघडला. बाबा खुर्चीत होते. आणि त्यांच्या मागे, चित्राच्या कडेला, एक हात आला. उघडा, ओला हात. त्याने दोरीवर पंचा टाकला, नीट पसरला आणि तो गेला.

घरात दुसरा माणूस होता. तो आंघोळ करून पंचा वाळत घालत होता, म्हणजे राहायलाच आला होता. आणि बाबांनी मानसुद्धा वळवली नव्हती. मी बाबांकडे निरखून बघितलं. माशी त्यांच्या गालावर बसली आणि खुशाल चालत कानाकडे गेली. नेट चालू होतं, माशी चालत होती, बाबा हलत नव्हते. इतके दिवस तासन्‌तास बसणं, सकाळी फोन न उचलणं, सगळं माझ्या डोक्यात पटापट जुळलं. तो पोरगा त्यांना झोपेच्या गोळ्या देत होता. घर त्याने ताब्यात घेतलं होतं आणि हाताचे साचे त्याच्याकडे आधीपासून होतेच.

मी मुख्याध्यापिका बाईंना सांगून शाळेतून निघाले, नवऱ्याला गाडी घेऊन बोलावलं. कल्याणच्या पत्रीपुलावर अडकलो तेव्हा मी पोलिसांना फोन करायला निघाले होते, नवऱ्याने फोन काढून घेतला. आता तो हसत नव्हता. वाटेत मी बाबांना किती वेळा फोन लावला ते आठवत नाही. प्रत्येक वेळी वाजून बंद होत होता आणि मला आई आठवत होती.

फाटक उघडंच होतं. बाबा खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून. मी हाक मारली. उत्तर नाही. धावत जाऊन मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा मऊ होता आणि थंडगार होता. माझ्या तोंडून जे निघालं त्याला रडणं म्हणता येणार नाही. नवरा मागे पायरीवरच खिळला. आणि तेवढ्यात घरातून, मागच्या दाराच्या बाजूने, ओले केस आणि कमरेला दुसरा पंचा अशा अवतारात बाबा आले. हातात अर्धा खाल्लेला पेरू होता.

"शाळा नाही का आज?" त्यांनी विचारलं.

माझा हात अजून खुर्चीतल्या बाबांच्या खांद्यावरच होता. मी बघितलं, पेपराखाली लपवलेल्या डाव्या हाताची दोन बोटं बुडबुडे आल्यासारखी फसली होती. साच्यातून पहिला निघालेला पुतळा बिघडला म्हणून त्या पोराने टाकायला काढला होता, तो बाबांनी मागून घेतला होता. चांगला ठाण्याला गेला, फसलेला खुर्चीत बसला. रोज सकाळी बाबा त्याच्या हातात ताजा पेपर द्यायचे, मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि नदीवर जायचे, मनात आलं तर त्या दिवशीसारखे दोनदाही.

मी खूप बोलले. हृदयावर बोलले, नदीवर बोलले, आईचंही नाव काढलं. बाबा पेरू खात ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तुम्हा दोघा भावंडांना मी बसलेला हवा होतो. म्हणून बसवून ठेवला."

राग तर होताच, आणि त्याहून वाईट वाटत होतं ते हे की जे त्यांनी त्या परक्या पोराला सांगितलं होतं ते मला सांगितलं नव्हतं. तो पोरगाही आरडाओरडा ऐकून धावत आला होता. माझ्या डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाला, "ताई, काकांना एकटं नाही सोडत मी. रोज काठावर बसलेलो असतो. दोरी असते, ट्यूब असते." मी विचारलं, तुला पोहता येतं का? तो म्हणाला, नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा, पण ते मी दाखवलं नाही.

बाबांना मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सावकाश पोहायला हरकत नाही, कुणीतरी सोबत हवं. माझा विश्वास बसला नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तेही तेच म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, रिपोर्टची पिशवी काखेत मारून पुढे चालू लागले. परत येताना गाडीत त्यांनी एकच गोष्ट मागितली, भावाला यातलं सांगू नकोस. तो लांब आहे, घाबरेल, लगेच तिकीट काढून मला घेऊन जाईल. मी ठणकावून सांगितलं की मी आपणहून काही बोलणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. वर्गात मुलांना सांगते तेच बाबांना सांगितलं.

तेव्हापासून रविवारी मी खडवलीला जाते. ठाण्यात प्रदर्शनातला चांगला पुतळाही बघून आले. लोक त्याच्याशेजारी बसून सेल्फी काढत होते आणि एक बाई म्हणाली की किती एकटा वाटतो नाही हा माणूस. मला तिला सांगावंसं वाटलं की हा आत्ता नदीत आहे. पण म्हटलं, कशाला.

परवाच्या रविवारी मी काठावर दगडावर बसले होते. एका हातात पंचा, दुसऱ्या हातात ट्यूबची दोरी, कारण त्या पोराच्या गाठीवर माझा भरवसा नाही. बाबा मधल्या डोहात उताणे पडून तरंगत होते. पोट आणि पायांचे अंगठे तेवढे पाण्याच्या वर. मध्येच ते बुडी मारायचे आणि ते वर येईपर्यंत मी जागची उठून उभी राहायचे. त्यांना ते माहीत आहे, म्हणूनच मारतात, असा माझा संशय आहे. तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता.

आत्ताच कॅमेरा बघितला, म्हणाला. बाबा काय छान पेपर वाचत बसलेत. तू उगाच दर रविवारी धावपळ करतेस, एवढी काळजी करण्यासारखं काही नाही. मग त्याने विचारलं, "तू तिथेच आहेस ना? ठीक आहेत ना बाबा? बसलेत ना?"

बाबांनी पाण्यातून मला हात केला. ओला, उघडा हात, तो मी आता कुठेही ओळखेन.

"हो रे," मी म्हणाले. "बसलेत. तब्येतही चांगली दिसतेय."