कूलरच्या हवेतली फुलगोबी

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या धर्मपाल गजभियेंनी उभं आयुष्य मालगाडीचा गार्ड म्हणून काढलं. गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात एकट्याने बसायचं, आणि पुढे काय चाललंय ते दिसत नसलं तरी सगळं ठीकच असणार असा भरवसा ठेवायचा. रिटायर झाल्यावर हाच भरवसा ते घरात वापरू लागले. त्याचा ताप झाला तो त्यांच्या बायकोला, सरलाबाईंना.

त्यांची मुलगी रीना हिचं नागपूरच्या यशदीप रामटेकेशी जमलं होतं. फक्त तारीख काढायची राहिली होती. त्यासाठी जूनमध्ये यशदीपच्या वडिलांचा, बाबारावांचा फोन आला. बोलणं उन्हावरून जेवणावर आणि जेवणावरून भाज्यांवर घसरलं.

"फुलगोबी खावी तं हिवाळ्यातच," बाबाराव म्हणाले. "अन् तुमच्या रायपुरात तं भट्टीच हाये. तिथं गोबी उगवत नसन, मातीतच शिजत असन."

नागपूरच्या माणसाने रायपूरला भट्टी म्हणावं, हे धर्मपालांना काही सहन झालं नाही. ते फोनवर ताठ झाले. "तुम्ही सप्टेंबरात या तारीख काढाले. घरामागची ताजी फुलगोबी खाऊ घालतो."

फोन ठेवल्यावर सरलाबाई म्हणाल्या, "काहून बोलले असं? आपल्या घरामागं तं कपडे वाळतात."

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या दोऱ्या गच्चीवर गेल्या आणि धर्मपाल बियाणाच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, "अगेती दूँ कि पिछेती?" लवकरची की उशिराची, एवढाच साधा प्रश्न. पण आपल्याला काही कळत नाही असं दिसू नये म्हणून धर्मपाल म्हणाले, "जो सबसे बढ़िया हो, वो दो." दुकानदाराने सगळ्यात बढिया दिलं. ते कडाक्याच्या थंडीत धरणारं होतं, पण कधी धरणार हे धर्मपालांनी विचारलंच नव्हतं.

रोपं छान आली. पावसाळ्यात मुळांशी पाणी तुंबू नये म्हणून त्यांनी उंच वाफे केले. ऑगस्टमध्ये झाडं अशी फोफावली की घरामागे जायला वाट उरली नाही. सुपाएवढी पानं, आणि पानांच्या आत आणखी पानं. फूल मात्र नाही. रोज सकाळी धर्मपाल एकेक झाड उकलून आत डोकावत. एकदा रीना चहाचा कप घेऊन मागे आली आणि म्हणाली, "पापा, ये पत्तागोभी तो नहीं है?" त्या दिवशी ते तिच्याशी बोलले नाहीत.

शेवटी त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं की फुलगोबीला गारवा मिळाला नाही तर ती नुसती पानं वाढवत बसते. धर्मपालांनी वाफ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कूलर होता.

सरलाबाई दुपारची झोप काढून उठल्या तेव्हा कूलरने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. तो बाहेर, गोबीवर हवा सोडत होता.

"आन् मी?" त्यांनी विचारलं.

"तू माणूस हायेस सरला. तुले घाम तं येते. गोबीले तेही येत नाही."

सरलाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, कूलर आणि वाफा यांच्या बरोबर मधे मांडली आणि लसूण सोलत बसल्या.

"हवा अडवून राहिली तू!"

"अडवीन."

कुंपणापलीकडून शेजारच्या साहू दीदींनी हे पाहिलं. "हव दीदी, बने हवा आवत हे," म्हणत त्याही छान हवा खायला स्टूल घेऊन आल्या. हळूहळू सगळ्या मोहल्ल्यातल्या बायका संध्याकाळी गोबीच्या वाफ्यापाशी जमू लागल्या. कुणी मेथी निवडायची, कुणी सुनेबद्दल बोलायची. धर्मपाल बादल्यांनी कूलरमध्ये पाणी ओतत. जरा उशीर झाला की आवाज यायचा, "भैया, पानी खतम!" गोबीपर्यंत किती हवा पोचली असेल, देव जाणे.

आणि सप्टेंबरच्या मध्यावर एका झाडात, एकाच झाडात, लिंबाएवढं फूल दिसलं. सरलाबाईंच्या मते दुसऱ्या पाकिटातलं एखादं बी चुकून मिसळलं असणार. धर्मपालांच्या मते कूलर. ऊन लागू नये म्हणून त्यांनी रीनाची रिबीन घेऊन त्यावर पानं बांधली. बाबाराव येईपर्यंत ते फूल वाटीएवढं झालं.

रामटेके मंडळी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आली. जयभीम झाला, चहापाणी झालं. सरलाबाईंनी सकाळीच गुपचूप बाजारातून फुलगोबी मागवून रस्सा केला होता. वाढताना त्यांनी नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शहाण्या माणसाने गप्प बसावं.

पहिल्याच घासाला बाबारावांनी मान डोलावली. "मानलं तुम्हाले! सप्टेंबरात गोबी! मले या वाणाचं बी द्या."

धर्मपालांचा घास तोंडातच राहिला. बाबाराव नुसतं कौतुक करून थांबले असते तर कदाचित पचलं असतं, पण बी कुठून द्यायचं?

"रामटेके साहेब, ही बाजारची हाये," ते म्हणाले. "माही मागं हाये. या."

रीनाने ओढणीत तोंड लपवलं. बाबाराव हात धुऊन मागे गेले. धर्मपालांनी रिबीन सोडली, पानं बाजूला केली. फूल कडेने जांभळट झालं होतं आणि वरून भाताच्या शितांसारखं रवाळ. बाबारावांनी वाकून पाहिलं.

"एकच?"

"एकच."

"अन् हे बाकी?"

"पानं हायेत."

बाबाराव जवळच्या खुर्चीवर टेकले. अंगावर गार झोत आला. "ही हवा कोणासाठी?"

"गोबीसाठी."

बाबाराव असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "अरे यशदीप!" त्यांनी हाक मारली. "या घरी गोबीले कूलर लावतात रे. पोट्टी आपल्या घरी यायच्या आधी तुले एसीच घ्या लागन!"

मग काही ते त्या खुर्चीवरून उठेनात. बाकीच्या खुर्च्या बाहेर आल्या आणि लग्नाची तारीख पानांच्या गर्दीतच निघाली, फेब्रुवारीतली. बाबारावांच्या हट्टाखातर ते फूलही शिजवलं. सगळ्यांना एकेक तुकडा आला. कडू होता. सगळे छान म्हणाले, रीना सोडून.

डिसेंबरात थंडी पडली आणि सगळी झाडं एकदम फुलावर आली. पांढरेशुभ्र, जड, थाळीएवढे गड्डे. पण तोवर रायपुरातला प्रत्येक हातठेला गोबीने भरला होता. धर्मपाल पिशवी घेऊन गल्लीत शिरले की दारं लागायची. साहू दीदी तर दाराआडूनच म्हणाल्या, "भैया, हमर घर मा घलो हे." म्हणजे आमच्याही घरी आहे. सरलाबाईंनी भजी केली, पराठे केले, लोणचं घातलं, आणि एका सकाळी सांगून टाकलं की यापुढे त्या गोबीला हात लावणार नाहीत.

धर्मपालांनी पोतं भरलं आणि नागपूरची गाडी पकडली. बाबारावांनी दारातच पोतं उघडलं, एक गड्डा दोन्ही हातांनी उचलला आणि उलटापालटा करून पाहिला.

"आता नाव ठेवाले जागा नाही," ते म्हणाले. धर्मपाल खुश झाले.

मग बाबारावांनी आत तोंड करून बायकोला आवाज दिला, "व्याही आले हायेत जेवाले! गोबी सोडून काहीही कर!"