लहान मापाचा गुडघा

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. आकडा होता दोन लाख पासष्ट हजार. हजर होते सासूबाई, माझा नवरा, पुण्याहून आलेली मोठी नणंद आणि मी. दिलसुखनगरच्या आमच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं काय करायचं ते ठरत होतं.

इमारतीला लिफ्ट नाही. सात महिन्यांत सासूबाई चार वेळा खाली उतरल्या होत्या, चारही वेळा दवाखान्यासाठी. त्याआधी त्या एकट्या बेगम बाजारात जाऊन वर्षाची मिरची निवडून आणत. गुडघा बदलायचा, यावर वाद नव्हता. कुठला बसवायचा, यावर होता. रुग्णालयाने दोन आकडे दिले होते: परदेशी सांधा घेतला तर दोन लाख पासष्ट हजार, देशी घेतला तर दोन लाख दहा. तो देशी सांधा शहराबाहेरच्या ज्या कारखान्यात तयार होतो, तिथे मी मापं तपासते आणि त्या तपासणीच्या नोंदी सांभाळते. बारा वर्षं झाली.

"वरचे पंचावन्न मी देते," नणंद म्हणाली. "आईच्या पायावर काटकसर नको."

"काटकसर नाही ताई. आमचा माल चांगला आहे."

"मग विका की लोकांना. आईवर कशाला प्रयोग?"

सासूबाई गुडघा चोळत म्हणाल्या, "मी इथंच बसलेय गं दोघींनो. अजून मेले नाही."

नणंदेची शंका अगदीच हवेतली नव्हती. आमच्या सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये प्लास्टिकची एक गादी असते. तिचा कच्चा माल बोटीने येतो. यंत्रं परदेशी आहेत, एखादा सुटा भाग गेला की सहा-सहा आठवडे खोळंबा. निर्जंतुक करायला माल दुसऱ्यांच्या प्लांटला पाठवावा लागतो. सरकारी रुग्णालयांकडची बिलं इतकी रेंगाळतात की आमचे पगारही एकदा पंधरा दिवस लांबले होते. आणि बऱ्याच मोठ्या डॉक्टरांचा हात परदेशी सांध्यावरच बसलेला. पण पॉलिटेक्निक करून आमच्याकडे आलेल्या मुली धातूवरचा केसाएवढा ओरखडा नुसत्या बोटाने सांगतात, हेही मी रोज बघते. आमच्या मालाला उगीच नाव ठेवलेलं मला चालत नाही.

सोमवारी डॉक्टरांनी वादाचा निकाल लावला. एक्स-रेवर मापं ठेवून ते म्हणाले, आजींचं हाड बारीक आहे. त्यांच्याकडे येणाऱ्या परदेशी सांध्याचं सगळ्यांत लहान मापही दोन्ही बाजूंनी थोडं बाहेर येईल. चालेल, पण कडा टोचत राहतील. आमच्या कारखान्यात त्याहून एक माप लहान निघतं. ते मुद्दाम इथल्या बायकांची हाडं मोजून केलेलं आहे, आणि त्या मोजण्याच्या वह्या मीच लावल्या आहेत.

सासूबाईंनी लगेच सांगितलं, "सूनबाईच्या कारखान्याचाच बसवा."

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. लहान मापाचा माल थोडाच निघतो, त्यामुळे त्या गादीचा एकच लॉट बाजारात होता, चोवीस नगांचा. त्या लॉटची फाइल मी काढून बघितली. घरचं माणूस नसतं तर काढली नसती, हे कबूल करते.

आमची पद्धत अशी, की एकीने मोजायचं आणि डाव्या रकान्यात सही करायची. दुसरीने आधीचा आकडा झाकून पुन्हा मोजायचं आणि उजव्या रकान्यात सही करायची. जाडीच्या पानावर दोन्ही रकान्यांत सही माझीच होती. तो दिवस मला आठवला. दुसरी मुलगी रजेवर होती, प्लांटची गाडी फाटकात उभी होती. मी मोजलं, आणि मीच तपासलं असं लिहून टाकलं.

फाइल घेऊन मी मॅनेजरांकडे गेले.

"अरे मॅडम, कायकू परेशान होते? माप तो बरोबर है ना?"

"असेल. पण दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही."

"पुरा लॉट वापस मंगाना पडेगा. पाकीट खोला तो फिरसे धोना, फिरसे पॅकिंग, फिरसे प्लांट. एक दस्तखत के वास्ते?"

"सही माझी आहे, सर. चूक झाल्याचा कागदही मीच भरून आणलाय."

त्यांनी कपाळाला हात लावला, कागद दोनदा वाचला आणि चोवीसही नग परत मागवले. सोळा दिवस जाणार होते. तोवर थांबायचं नसेल तर मोठ्या मापाचा परदेशी सांधा ठरल्या तारखेला बसवता आला असता.

घरी सांगितल्यावर नणंद उसळली. "म्हणजे तुझ्या सहीवर तुझाच भरवसा नाही, आणि आम्ही ठेवायचा?"

"माझ्या एकटीच्या सहीवर ठेवायचाच नसतो, ताई. म्हणून तर दोन रकाने आहेत."

"आणि आईने तोवर कळा सोसायच्या?"

नवरा आईकडे बघत राहिला. सासूबाईंनी बोटं मोजली. "सात महिने काढले, तिथं सोळा दिवस काय. पण बघ हं, सोळाचे सतरा झाले तर मी खरंच परदेशी बसवीन."

नणंदेची रजा संपली होती, ती तणतणत पुण्याला गेली.

चोवीस पाकिटं उघडली. मोजायला मी बसले नाही, दुसऱ्या दोघी बसल्या. गादीच्या जाडीत एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. सगळ्यांत मोठा फरक चार शतांश मिलिमीटरचा निघाला. एक नग पाकिटातून काढताना ओरखडला, तो बाद केला. तेवीस पुन्हा प्लांटला गेले आणि चौदाव्या दिवशी परत आले. आमच्या माणसांनी दोन दिवस वाचवले. मापात आम्ही चुकलो नव्हतो.

शस्त्रक्रियेच्या सकाळी नणंद पुन्हा आली. तिने आधी ते नवं पान मागितलं. मी फोटो दाखवला. दोन सह्या, दोन वेगळी अक्षरं. तिने ती मोठी करून बघितली आणि म्हणाली, "हं. चहा घेणार का?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. सहाव्या आठवड्यात छत्तीस पायऱ्या उतरल्या आणि खालच्या भाजीवाल्याशी टोमॅटोवरून भांडून वर आल्या. डॉक्टरांनी त्यानंतर आणखी दोन जणींना तेच माप बसवलं. कारखान्यात आता, दुसरी मुलगी रजेवर असली, तर गाडी फाटकात थांबते.

रुग्णालयाला एकूण दिले दोन लाख दहा हजार, ते नवऱ्याने आणि मी निम्मे निम्मे. कारखाना सांधा फुकट द्यायला तयार होता, तो मी घेतला नाही. तारीख पुढे गेल्यामुळे रक्ताच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या, त्यांचे तीन हजार आठशे. ते लॅबला मी माझ्या पगारातून दिले.