पिवळ्या रकान्यातला आकडा

"रायफलचा बोल्ट उघडायला तळहाताने ठोकावं लागलं," आमचे एक ग्राहक, वॉल्टर, फोनवर म्हणाले. "मी तिथेच थांबलो. पण म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

मी स्क्रीनवर त्यांच्या काडतुसाची ओळ उघडली. त्यांनी वेबसाइटवरून वाचून दाखवलेला आकडा तिथे होता. रकाना पिवळा होता. तो रंग मीच दिला होता.

"तुमचा वजनकाटा एकदा तपासून बघा," मी म्हणालो.

"काटा? बरं. बघतो," ते म्हणाले, आणि आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

मी मिनिआपोलिसजवळच्या एका लहान कंपनीत आहे. आम्ही शिकारीच्या रायफलसाठी तांब्याच्या बुलेट्स बनवतो. मूळचा मी नागपूरचा, आयटीतला. पन्नाशीला लेऑफ झाला, नऊ महिने घरी बसलो, मग ही नोकरी मिळाली. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं की बायको "कॉपर कंपोनंट्समध्ये आहे" असं सांगते आणि समोरच्याला भजी वाढते. माझ्याकडे दोन कामं: लोड डेटाचे तक्ते सांभाळणं आणि ग्राहकांचे फोन घेणं.

लोड डेटा म्हणजे काय, ते सांगतो. इथले बरेच शिकारी काडतुसं घरी स्वतः भरतात. वापरलेली पितळी केस, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा नवा प्रायमर, आत मोजलेली पावडर आणि तोंडाशी बुलेट. याला हँडलोडिंग म्हणतात. कुठल्या बुलेटमागे किती पावडर घालायची, याचा तक्ता कंपनी देते. त्यात दोन आकडे असतात, स्टार्ट आणि मॅक्स. स्टार्टपासून सुरू करायचं, थोडंथोडं वाढवायचं, रायफलने कुरकुर केली की थांबायचं. आतलं प्रेशर वाढलं की बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा दांडा, जड जातो. त्याहून वाढलं तर रायफल फुटू शकते, आणि त्या वेळी ती माणसाच्या गालाला टेकलेली असते.

नेहमीच्या बुलेट्स शिशाच्या असतात, आणि तांबं शिशापेक्षा हलकं. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची बुलेट लांब होते. काडतुसाची एकूण लांबी मात्र वाढवता येत नाही, म्हणून जास्तीची लांबी केसमध्ये आत जाते. पावडरीची जागा कमी होते, प्रेशर वाढतं. शिशाच्या बुलेटचा आकडा तांब्याच्या बुलेटला लावायचा नाही, हे मला कंपनीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

मी तेच केलं होतं. उन्हाळ्यात आमची एक नवी बुलेट येणार होती. लॅबच्या टेस्ट व्हायच्या होत्या, पण वेबसाइटचं पेज कसं दिसतं ते बघायला रकाने भरलेले हवे होते. मी एका जुन्या तक्त्यातले शिशाचे आकडे तात्पुरते टाकले आणि ते रकाने पिवळे केले. पिवळा म्हणजे टेस्ट झालेली नाही. पुढे लॅबचे आकडे येत गेले, मी ते भरत गेलो, आणि एके दिवशी सगळं पूर्ण झालं असं समजून फाइल वेबसाइटवर चढवली. फाइल एक्सपोर्ट होताना आकडे जातात, रंग जात नाहीत. वीस वर्षं मी डेटाचंच काम केलं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

वॉल्टरचा फोन आला तो मंगळवार होता. पिवळा रकाना दिसताच मला सगळं समजलं होतं. तरी मी वजनकाट्यावर ढकललं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा चूक ग्राहकाच्या काट्याचीच निघते. ते वाक्य तोंडात तयार होतं. मनात हिशोब असा, की शुक्रवारपर्यंत लॅबकडून टेस्ट करून घ्यावी आणि आकडा गुपचूप बदलावा. मधले तीन दिवस तो आकडा वेबसाइटवर राहणार होता. कोणीही तो वाचून काडतुसं भरू शकत होतं. हेही मला माहीत होतं. बुधवारी मी पेज उघडून नुसता बघत बसलो.

गुरुवारी वॉल्टरचा पुन्हा फोन आला. यावेळी ते माफी मागत होते.

"काटा बरोबर आहे. शेजाऱ्याची प्रमाणित वजनं आणून दोनदा बघितलं," ते म्हणाले. "म्हणजे चूक माझीच. पंचाहत्तर वर्षांचा झालोय. हात थोडे थरथरतात, डोळेही पूर्वीचे नाहीत. बायकोला, रूथला म्हटलं, आता पुरे. लोडिंगचं सगळं सामान शेजाऱ्याला देऊन टाकतोय. तुम्हाला उगाच त्रास दिला."

मला सुटायला वाट मिळाली होती. फक्त "काही हरकत नाही" म्हणायचं होतं.

"वॉल्टर, सामान देऊ नका," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तो आकडा टेस्ट केलेलाच नाही. मला मंगळवारीच कळलं होतं."

ते म्हणाले, "हे रूथला सांगा."

त्यांच्या बायकोने फोन घेतला. मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांचे हात ठीक आहेत, ते वेळेवर थांबले, असंही सांगितलं.

"मला वाटलंच होतं," रूथ म्हणाल्या. "हा माणूस पॅनकेकचं पीठसुद्धा काट्यावर मोजतो. दोन दिवस जेवला नाही नीट."

फोन ठेवून मी लिंडाकडे गेलो. लिंडा माझी मॅनेजर.

"किती रकाने?" तिने विचारलं.

"अकरा."

"कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

"आधी पेज बंद कर. मग बोलू."

पाच मिनिटांत पेज बंद झालं. पाच मिनिटांचं काम मी दोन दिवस टाळलं होतं. तक्ता डाउनलोड करणाऱ्यांचे ईमेल आमच्याकडे होते. मी प्रत्येकाला स्वतःच्या नावाने लिहिलं, ज्यांचा नंबर होता त्यांना फोन केला. दोघांनी शिव्या दिल्या, बाकीच्यांनी आभार मानले. कोणालाही इजा झाली नव्हती. लॅबचा आकडा आला तेव्हा कळलं, वॉल्टर जिथे थांबले तो आकडा खऱ्या मॅक्सच्या वर होता, आणि माझा पिवळा मॅक्स त्याच्याही बराच वर.

लिंडाने मला लेखी वॉर्निंग दिली आणि सहा महिने वेबसाइटला हात लावू दिला नाही. "चूक मला समजते, श्री," ती म्हणाली. "ते दोन दिवस समजत नाहीत." मलाही नीट समजलेले नाहीत. पण तिने मला ठेवलं. वॉल्टर वकिलाकडे जाऊ शकत होते, गेले नाहीत. त्याहून मोठं म्हणजे, ते थांबले. ते उतावळे असते, तर मी आज हे लिहीत नसतो. या दोघांचं देणं माझ्याच्याने फिटणार नाही.

आता तक्त्यात रंग नाहीत. "टेस्टेड" नावाचा एक रकाना आहे, त्यात हो किंवा नाही लिहावं लागतं. "नाही" असलेली ओळ एक्सपोर्टच होत नाही. एवढं करायला मला एक दुपार लागली.

दर वर्षी हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू व्हायच्या आधी वॉल्टरचा फोन येतो. त्यांना हवा तो आकडा वेबसाइटवर असतोच, तरी ते मला वाचून दाखवायला लावतात. मी वाचतो. ते लिहून घेतात. मग मागून रूथचा आवाज येतो, "त्याला विचार, त्याने स्वतःचा काटा तपासला का?"

मी हो म्हणतो. त्यांचा आकडा मी फोन उचलायच्या आधीच लॅबच्या कागदाशी ताडलेला असतो.