रुमालाखालची क्रूझर

उदगीरच्या आमच्या गल्लीत गुरुबसप्पाचं जुन्या मोटारसायकलींचं दुकान आहे, पण माणूस मुळात बैलबाजारातला. तीसेक वर्षं त्यानं हाळीच्या बाजारात बैलांची दलाली केली. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचा, भोवतीच्यांना कळू द्यायचा नाही, आणि एकदा ‘दिला’ म्हटलं की शब्द फिरवायचा नाही. मग दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं, जनावरं छावणीत गेली. बैल घेतो कोण? गुरुबसप्पानं गाड्या विकायला घेतल्या. बैलाचे दात बघावेत तसे तो टायर बघायचा आणि इंजिनावर थाप मारून वय सांगायचा.

त्याची स्वतःची एक जुनी जपानी क्रूझर मोटारसायकल होती. गिऱ्हाईक असो वा नसो, तिचं वर्णन ठरलेलं. “सव्वाशे सीसी. पुढं डिस्क ब्रेक. रुंद हँडल. पाय पुढं टाकून बसा, तहसीलदार वाटाल!” भाव विचारला की मात्र म्हणायचा, “उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बोलू.” जिल्हा होणार, होणार, असं आम्ही सगळेच तेव्हा म्हणत होतो. त्याचं एक बरं होतं, जिल्हा काही होत नव्हता आणि गाडी काही विकावी लागत नव्हती.

खरी गोष्ट अशी, की त्या गाडीची सीट इतर गाड्यांपेक्षा चांगली वीतभर खाली होती. त्याची बायको शरणम्मा, तिचे दोन्ही गुडघे गेलेले. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती, दुसऱ्या मोटारसायकलीवर पाय टाकता येत नव्हता. या एका गाडीवर ती बसू शकायची. दर सोमवारी महादेवाला आणि तिथून बहिणीकडे. बाकीचे सहा दिवस उंबऱ्याच्या आत.

एका बाजाराच्या दिवशी नायगावचा पिराजी आला. हाही जुना बैलवाला. त्यानं क्रूझरभोवती एक चक्कर मारली आणि भाव न विचारता खांद्यावरचा रुमाल पुढे धरला. वर्षभरात गुरुबसप्पाचा हात रुमालाखाली गेला नव्हता. हसत हसत त्यानं हात घातला. चालू भाव पंधरा हजार. पिराजीनं तीन बोटं दाबली, म्हणजे तीस हजार. आणि आमच्या शहाण्याच्या तोंडून सवयीनं निघालं, “दिला!”

म्हणाला आणि चेहरा पांढरा पडला.

“अरे, गंमत केली म्हण की!” मी ओरडलो. मला तर त्याच्या टाळक्यात हाणावंसं वाटत होतं.

“शब्द गेलाय,” तो खाली बघत म्हणाला. “आता न्हाई म्हणता येत.”

दुकानाला लागूनच घर. शरणम्मा उंबऱ्यात बसून सगळं बघत होती. दाराची चौकट धरून उठली, भिंतीच्या आधारानं गाडीपाशी आली.

“पिराजीभाऊ, गाडी आता तुमची न्हवं का?”

“हाव, अक्का.”

“मंग इकायची हाय का?”

पिराजी गोंधळला. तिनं त्याच्या हातातला रुमाल घेतला, त्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. बाईमाणसाचा हात रुमालाखाली जाताना मी तरी जन्मात पाहिला नव्हता. बराच वेळ दोघं तशीच उभी. पिराजीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या तिच्या दुसऱ्या हाताकडे.

“दिला, अक्का,” तो म्हणाला, रुमाल तिथंच ठेवून चहासुद्धा न घेता गेला.

गुरुबसप्पा आठ दिवस बायकोच्या मागे लागला होता. किती दाबलीस? चाळीस? पन्नास? वरचे पैसे कधी न्यायला येणार तो? ती दाद देईना. शेवटी सोमवारी ती गाडीवर बसत असताना मीच विचारलं.

“कितीला घेतली, वहिनी?”

शरणम्मानं पदर सावरला, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बोट एकबी दाबलं न्हाई, भावजी. नुसता हात धरून राहिले.”